नकाराचे पथ्य

कोणाच्या घरी पानावर बसल्यावर समोर वाढलेल्या अन्नास 'नको' म्हणण्याचा माणसास अधिकार आहे काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा वाटतो, आणि ज्याची प्रकृती धडधाकट आहे त्याला तो आयुष्यात फारसा पडतही नाही. आमच्यापुढे मात्र गेली चार वर्षे तो दिवसातून दोनदा उभा राहतो. त्याचे उत्तर आम्ही प्रारंभी चुकीचे दिले, आणि त्यापायी एका भल्या माणसाचा अपमान आमच्या हातून घडला. ती हकीकत सांगितल्यावाचून या प्रश्नाची चर्चा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ती नीट समजावी म्हणून आधी आमच्या व्याधीविषयी थोडे सांगणे भाग आहे.

चार वर्षांपूर्वी आम्हांस सीलिॲक हा विकार असल्याचे निदान झाले. तत्पूर्वी सहा वर्षे आम्ही पित्त, अपचन, दिल्लीचे पाणी आणि कचेरीची चिंता अशा निरनिराळ्या नावांखाली औषधे घेत होतो. वजन घटत होते, अंगात रक्त राहत नव्हते, जेवल्यावर पोट नगाऱ्यासारखे फुगत होते. आणि जो तो सल्ला देई, 'हलके खा, दलिया खा.' दलिया म्हणजे भरडलेला गहूच. ज्यापासून दूर राहायचे तेच आम्ही पथ्य म्हणून श्रद्धेने खात होतो. अखेर एका तरुण डॉक्टरांच्या मनात शंका आली, रक्ताची तपासणी झाली, दुर्बीण घालून लहान आतड्याचा कण काढून पाहण्यात आला, आणि सहा वर्षांचे कोडे सहा दिवसांत सुटले.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली असता तिला जो चिवटपणा येतो तो याचाच गुण. ज्यांच्या प्रकृतीत हा विकार आहे त्यांच्या शरीरातील संरक्षक शक्ती या प्रथिनामुळे चिथावते आणि परक्या शत्रूवर चालून जाण्याऐवजी स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतील अंगास मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट होतात, आणि मनुष्य भरल्या ताटावर बसूनही उपाशी राहतो. उत्तर भारतात झालेल्या पाहणीत शंभरांत सुमारे एका माणसास हा विकार आढळला आहे, आणि त्यांतील पुष्कळांना त्याची वार्ताही नसते. यावर गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच उपाय, आणि तो निष्ठेने पाळला तर आतडे बहुधा पूर्ववत होते.

लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या विकाराचे नेमके वर्णन केले आणि तो बरा झालाच तर आहारानेच होईल, असे सांगितले; पण दोषी अन्न कोणते हे त्यांस उमगले नाही. हॉलंडमधील बालवैद्य विलेम डिके यांस गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे अन्नाचा भीषण तुटवडा पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर लोक खंगत असता ही रोगी मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पुन्हा बिघडली. १९५० मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष साधार मांडला. साऱ्या राष्ट्राचा जो प्राण, तोच काही थोड्यांचा घात करीत होता, आणि हे कळायला दुष्काळ पडावा लागला.

ही व्याधी घेऊन आम्ही राहतो तो मुलूख गव्हाचा आहे. कचेरीत मधल्या सुट्टीत डबे उघडले की चहूकडून पोळ्या, पराठे आणि कुलचे बाहेर पडतात. तथापि आमचे जेवण दीनवाणे आहे असे कोणी समजू नये. तांदूळ आहे, डाळी आहेत. ज्वारी, बाजरी आणि नाचणी आहेत. थंडीत येथील मक्याची रोटी आणि मोहरीची भाजी आहे. आंबोळ्या, घावन, धिरडी, गव्हावाचून केलेल्या भाजणीची थालीपिठे हे सगळे आम्हांस चालते. मोठी गंमत उपवासाच्या पदार्थांची. वरईचे तांदूळ, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. तेव्हा एकादशीचा जो फराळ तो आमचा बारमाही आहार झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले आणि आपल्या सरकारने त्यांस 'श्रीअन्न' ही पदवी दिली, तेव्हापासून कचेरीत भाकरीचा डबा उघडताना आम्हांस थोडी प्रतिष्ठाही लाभली आहे. मात्र त्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या पाकिटावर पाठीमागे बारीक अक्षरांत पुष्कळदा गव्हाचे पीठ लिहिलेले असते, ते वाचावे लागते.

तेव्हा अडचण कशाचे जेवावे ही नाही. अडचण आहे ती स्पर्शाची. एका मध्यम पोळीत सुमारे अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. आणि रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या पोळीचा जेमतेम पन्नासावा तुकडा, इतके पोटात जात राहिले तरी काही महिन्यांत आतड्यास पुन्हा इजा होते, असे प्रयोगाने दिसून आले आहे. यास्तव ज्या तव्यावर पोळ्या भाजल्या त्याच तव्यावर भाजलेली भाकरी आम्हांस चालत नाही. ज्या चक्कीत गहू दळला तीतून लगेच निघालेले ज्वारीचे पीठ चालत नाही. पोळीचा हात लागलेला भाताचा डाव चालत नाही. एवढेच काय, फोडणीचा हिंगसुद्धा विचारून घ्यावा लागतो, कारण बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की हे वर्णन कशासारखे दिसते. आमच्या आजीचे सोवळे असेच होते. वेगळी भांडी, वेगळा ओटा, 'शिवू नकोस' आणि 'कोणाचा हात लागला?' या सगळ्याची आम्ही महाविद्यालयात असताना यथेच्छ टर उडविली होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्या एका पेल्यावरून ग्रामण्य होऊन प्रायश्चित्तांपर्यंत मजल गेली, हे प्रकरण वाचताना आम्हांस हसू आवरत नसे. आता आम्ही स्वतःच एका बिस्किटास भितो, आणि कोणाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून आजीचेच प्रश्न विचारतो. विचारणाऱ्याचा हेतू निराळा आहे हे खरे. पण उत्तर देणाऱ्यास तो कसा कळावा?

तो न कळल्याने काय होते याचा अनुभव निदान झाल्यावर तीनच महिन्यांत आला. आमच्या विभागातील एक सहकारी विदर्भातले. त्यांस नुकतेच सरकारी निवासस्थान मिळाले होते, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ त्यांनी चार-पाच मराठी कुटुंबांना रविवारी जेवावयास बोलाविले. बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्यांनी आपली जात आम्हांस कधी सांगितली नव्हती, आम्हीही आमची सांगितली नव्हती. पण आपल्या समाजात दोन आडनावे समोरासमोर आली की ही ओळख न बोलता होऊन जाते. पाने मांडली गेली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि शिरा असा बेत होता. आमच्या मनात सगळा हिशेब झाला: पुरी नाही, शिरा नाही, वरणात हिंग असेल, भाताचा डाव पुऱ्यांना लागला असेल. या सगळ्याचे व्याख्यान चारचौघांत कोठे द्यावे, नवीन घरात त्या माउलीला त्रास कशाला, असा विचार करून आम्ही म्हणालो, 'आज पोट जरा बिघडले आहे,' आणि एक केळे तेवढे खाल्ले. घरी परतताना, आपण यजमानांना काहीही तोशीस पडू दिली नाही, याचे आम्हांस समाधानच वाटत होते.

सोमवारपासून ते सहकारी मधल्या सुट्टीत आमच्या मेजावर येईनासे झाले. काम असले की बोलत, पण टिपणाच्या भाषेत बोलत. महिनाभराने तिसऱ्याच एका गृहस्थाने आम्हांस हळूच सांगितले, 'तुम्ही त्यांच्या घरी जेवला नाहीत, ते त्यांना लागले आहे.' आमच्या अंगावर काटा आला. आमच्या नकाराला असाही एक अर्थ आहे हे तोपर्यंत आम्हांस सुचलेही नव्हते. आणि न सुचणे हाच आमच्या जन्माने मिळालेला केवढा मोठा ऐषाराम आहे, हे त्या क्षणी कळले.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, 'आमच्या वडिलांच्या घरी गावातलं कोणी मोठं माणूस आलं, की त्याचं पोट नेमकं त्याच दिवशी बिघडलेलं असायचं. तुम्ही वाक्यसुद्धा तेच वापरलंत.' आम्हांस उत्तर देता येईना. मग तेच म्हणाले, 'विचारायचं होतं. भात मी वेगळा काढून दिला असता.' त्यांच्या पत्नी आत होत्या, त्या बाहेर येऊन म्हणाल्या, 'घरात ज्वारीचं पीठ होतं हो. पण पाहुण्याला भाकर कशी वाढायची, म्हणून पुऱ्या केल्या.'

या शेवटच्या वाक्याने आम्ही अधिकच खजील झालो. गव्हाची पोळी पाहुण्याची आणि भाकरी घरच्यांची, ही उतरंड आम्हीच समाजात रचलेली. त्या घरी आमचा मान राखण्यासाठी नेमके तेच धान्य पानात आले जे आम्हांस विषासमान होते. आणि जे आम्हांस अमृत ठरले असते ते, आमच्यासारख्यांस देण्याजोगे नाही म्हणून, डब्यात राहिले.

या प्रसंगानंतर आम्ही या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे. कोणी म्हणेल, आजार ही खासगी गोष्ट आहे. तो चारचौघांत सांगण्याचे बंधन कोणावरही नसावे. हे आम्हांस सामान्यतः मान्य आहे. परंतु आमच्या मौनाची किंमत जर दुसऱ्याच्या अब्रूतून वसूल होत असेल, तर त्या मौनावर आमचा एकट्याचा हक्क कसा राहील? ज्या देशात अन्न नाकारणे ही शतकानुशतके शिवी म्हणून वापरली गेली, तेथे कोणताही नकार निव्वळ पोटाचा राहत नाही. तो बोलतो. आणि आपण त्याला शब्द पुरविले नाहीत, तर ज्याला तो ऐकावा लागतो त्याच्या जुन्या जखमा ते शब्द पुरवितात.

दुसरा कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? माणुसकीखातर एक पुरी खाल्ली असती तर प्राण गेला नसता. हा आग्रह मोठा प्रेमळ आहे, आणि एका घासाने प्राण जात नाही हेही खरे. पण दिल्लीसारख्या शहरात प्रेमाची माणसे पुष्कळ, हळदीकुंकवे पुष्कळ, लग्ने पुष्कळ. आज पुरी, उद्या सत्यनारायणाचा शिरा, परवा गुरुद्वाऱ्यातला कडा प्रसाद. प्रत्येक ठिकाणी एकच घास म्हटला तरी त्यांचे आजारपण होते. शिवाय यात आणखी एक दोष आहे, जो आम्हांस अधिक मोठा वाटतो. यजमानाची इच्छा पाहुण्याने तृप्त व्हावे ही असते. पाहुणा मुकाट्याने अपाय गिळतो तेव्हा तो यजमानाला, त्याच्या नकळत, अपाय करणारा बनवितो. कारण न सांगता नाकारतो तेव्हा तो त्याला संशयात लोटतो. दोन्ही वेळा यजमानाच्या वतीने निर्णय आपणच करून टाकतो. कारण सांगितले तरच त्याला, आपण काय करावे, हे ठरविण्याची मोकळीक राहते.

तिसरा आक्षेप आमचा स्वतःचाच होता: दुसऱ्यास त्रास देऊ नये. याच्या मुळाशी सौजन्य आहे अशी आमची समजूत होती. सत्यनारायणाच्या कथेतील तुंगध्वज राजा गोपांनी दिलेला प्रसाद घेत नाही आणि सर्वस्वास मुकतो. त्याचा दोष गर्व हा, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आपल्यात तो गर्व नाही याविषयी आमची खात्री होती. पण आपल्यासाठी कोणालाच कधीही वेगळा भात काढावा लागू नये, कोणाचेही ऋण आपल्यावर राहू नये, ही इच्छासुद्धा गर्वाचीच एक धाकटी बहीण आहे. दुसऱ्याला आपल्यासाठी थोडे श्रम करू देणे, हाही पाहुण्याचा धर्म आहे.

मग सोवळे आणि पथ्य यांत भेद कोणता? आमच्या मते तो असा. सोवळे विचारते, हे कोणी शिवले. पथ्य विचारते, याला काय लागले. सोवळ्याला कारण द्यावे लागत नाही, पथ्याला ते द्यावेच लागते. सोवळ्याचा जाच दुसऱ्याने सोसायचा असतो, पथ्याचा आपण. तत्त्वतः हा भेद स्वच्छ आहे. तथापि बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंची चर्या एकच दिसते, आणि ती एक दिसावी अशी व्यवस्था आमच्याच पूर्वजांनी करून ठेवलेली आहे. म्हणून भेद उलगडून सांगण्याची जबाबदारी ज्याच्यापुढे नकार ठेवला त्याची नसून नकार देणाऱ्याची आहे, आणि आमच्यासारख्या आडनावाच्या माणसाची ती इतरांहून अंमळ अधिक आहे.

हा सिद्धांत कागदावर सोपा वाटतो; आचरताना जीभ अडखळते. त्या सहकाऱ्यांनी दुसऱ्यांदा जेवावयास बोलाविले तेव्हा आम्हांस तव्याविषयी विचारायचे होते. दुसऱ्या कोणाच्याही घरी आम्ही ते विचारले असते. त्यांच्या घरी 'भांडे वेगळे आहे का?' हे शब्द तोंडातून निघेनात. स्वतःचा तवा बरोबर न्यावा, तर आपले पान आणि आपला गडवा घेऊन जाणाऱ्या जुन्या भिक्षुकात आणि आमच्यात फरक तो काय राहिला? शेवटी आम्ही धीर करून जे मनात होते ते तसेच सांगितले: तव्याचे विचारायचे आहे, आणि विचारण्याची लाज वाटते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'वडील सांगायचे, गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असायची. स्वतःच विसळून ठेवायची. तुमचा तवा घरात राहील.'

त्यांच्या स्वयंपाकघरात आता एक लहानसा लोखंडी तवा खिळ्याला निराळा टांगलेला असतो. त्यावर पोळी भाजत नाहीत. त्यांच्या मुलीने त्याला 'काकांचा तवा' असे नाव दिले आहे. महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही तेथे जेवतो: ज्वारीची भाकरी, तिखट वांगे, भात, आणि हिंगावाचून केलेले वरण. आमच्या रक्ताचा अहवाल दोन वर्षांपासून निर्दोष येत आहे, वजनही भरले आहे; पण चांगले जेवणे म्हणजे एवढेच नव्हे, असे आता आम्हांस वाटते. ज्या पंगतीत आपणास काही लपवावे लागत नाही आणि आपल्यामुळे कोणालाही काही गिळावे लागत नाही, तेथे जेवलेले अंगी लागते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढेच म्हणता येईल की नाकारण्याचा अधिकार माणसास आहे, परंतु कारण सांगण्याचे कर्तव्य त्या अधिकाराबरोबरच पानावर वाढलेले असते. एक घेऊन दुसरे टाकता येत नाही. पानात टाकू नये, ही लहानपणची शिकवण आम्हांस इतक्या वर्षांनी या अर्थाने पटली आहे.